टायमिंग बेल्ट बदलताना वॉटर पंपही त्याच वेळी बदलावा का? (डस्टर / टेरानो, १.५ डिझेल)

सह्यवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१३ सालची रेनो डस्टर डिझेल आहे आणि माझ्या मेहुण्यांकडे निसान टेरानो आहे. दोन्ही गाड्यांत रेनोचे तेच १.५ लिटरचे के९के इंजिन आहे. मेहुण्यांच्या गाडीचा टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका मेळात फिरवणारा दातेरी पट्टा) पुढच्या आठवड्यात बदलायचा आहे. त्यांच्या गॅरेजवाल्याचे म्हणणे असे की वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारे कूलंट फिरवणारा पंप) कोरडा आहे, आवाज करत नाही, मग विनाकारण खर्च कशाला करायचा. अगदी हेच वाक्य मी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ऐकले होते आणि मान डोलावली होती. त्याचे पुढे काय झाले ते इथे सविस्तर लिहितो, म्हणजे मेहुण्यांना धागा वाचायला देता येईल आणि माझे काही चुकत असेल तर जाणकार ते सांगतील.

माझ्या डस्टरचा बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि त्याला वाट दाखवणारी चकती म्हणजे आयडलर ७८,००० किलोमीटरला बदलले. पंप मूळचाच ठेवला. त्यानंतर साधारण १८,००० किलोमीटर गाडी उत्तम चालली. मग एके दिवशी रत्नागिरीहून कोल्हापूरला परतताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि निम्म्या चढावर तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. बोनेट उघडताच कूलंटचा तो गोडसर वास आला. बाटलीतली पातळी तळाच्या खुणेच्याही खाली गेली होती आणि उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने थेंब पडत होते. गरम असताना झाकण उघडायचे नाही एवढे ठाऊक होते, म्हणून तासभर थांबलो आणि शेवटी गाडी क्रेनवर घालून कोल्हापूरला आणली.

उघडल्यावर दिसले ते असे. पंपाच्या दांड्याजवळचे सील गेले होते, तिथून झिरपलेले कूलंट बेल्टच्या कव्हरच्या आत उतरले होते आणि जेमतेम १८,००० किलोमीटर चाललेला बेल्ट एका कडेने भिजून फुगला होता. तो पुन्हा बसवण्यात अर्थ नव्हता. म्हणजे पंपाबरोबर नवा बेल्ट, नवा टेन्शनर, नवे कूलंट आणि पहिल्याइतकीच पूर्ण मजुरी, असे सगळे दुसऱ्यांदा द्यावे लागले. पहिल्या वेळी पंप घेतला असता तर बिलात केवळ त्या एका भागाची किंमत वाढली असती, कारण पंपापर्यंत पोचायला जे जे उघडावे लागते ते सगळे त्या दिवशी उघडलेलेच होते.

दिवा लागताच गाडी थांबवली म्हणून हेड (इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) वाचले, याचे श्रेय मी स्वतःकडे घेत नाही. तिथे नेमकी थांबायला जागा होती. माझा प्रश्न सरळ आहे. ज्या इंजिनात टायमिंग बेल्टच पंप फिरवतो, तिथे पंप न बदलण्याचे एखादे पटण्यासारखे कारण आहे का?

गोटीपाना

मी सांगली भागात वीस वर्षांहून अधिक काळ गाड्यांचे काम करतो आहे आणि हे इंजिन अनेकदा उघडले आहे. तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर 'बदलावा' असेच आहे, पण कारण नीट समजून घ्या, कारण 'मजुरी वाचते' हे त्यातले अर्धेच कारण आहे.

या इंजिनात एकच दातेरी बेल्ट क्रँककडून (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याकडून) निघतो आणि कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम), डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप या तिघांना फिरवतो. वॉटर पंप हा त्या बेल्टच्या मार्गातला एक खांब आहे असे समजा. जुन्या पंपाचे बेअरिंग इतकी वर्षे जुन्या, थोड्या सैलावलेल्या बेल्टबरोबर फिरत असते. नवा बेल्ट आणि नवा टेन्शनर लावला की त्याच बेअरिंगवर पुन्हा पूर्ण ताण येतो. बेअरिंगमध्ये केसाएवढी जरी ढिलाई असली तरी दांडा हलतो, दांडा हलला की सीलच्या चकत्या एकमेकींवर सपाट बसत नाहीत आणि मग गळती सुरू होते. 'बेल्ट बदलेपर्यंत पंप चांगला होता, बदलल्यावर गळायला लागला' अशी तक्रार घेऊन येणारे खोटे बोलत नसतात. मात्र पंप त्याआधीच थकलेला असतो.

गळती हा त्यातल्या त्यात बरा शेवट, कारण थेंब दिसतात, वास येतो, पातळी उतरते. बेअरिंग घट्ट होऊन पंप जाम झाला तर बेल्टचे दात सोलून निघतात. डिझेल इंजिनात दाब इतका जास्त असतो की पिस्टन वर आल्यावर हेडपर्यंत फारशी जागा उरतच नाही. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल तर कॅम मिनिटाला १,५०० वेळा फिरतो, म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. हा मेळ बेल्टने सोडला की उघडे राहिलेले वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. मग हेड उतरवा, लेथवाल्याकडे पाठवा, वॉल्व्ह, गाइड, हेड गॅस्केट (सांध्यातून गळती रोखणारा पातळ थर), सगळे नवे घाला. त्या खर्चापुढे पंपाची किंमत काढू नये.

आता कामाविषयी, कारण नवा पंप चुकीचा बसवला तर जुन्यापेक्षा वाईट. पहिले, कूलंट आधी पूर्ण उतरवावे. तरीही पंप सुटताना ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात) अडकलेले बरेच कूलंट एकदम खाली येते, म्हणून नवा बेल्ट जवळपाससुद्धा ठेवू नये आणि खाली कुठली वायरिंग किंवा अल्टरनेटर येत असेल तर त्यावर प्लास्टिक बांधावे. दुसरे, ब्लॉकचा पृष्ठभाग ॲल्युमिनियमचा असेल तर जुने गॅस्केट खरवडायला लोखंडी पटाशी वापरू नये. एक खोल ओरखडा पडला तर कितीही चांगले गॅस्केट लावा, तिथून पाणी वाट काढणारच. तिसरे, पंपाबरोबर गॅस्केट किंवा ओ-रिंग येत असेल तर वरून सिलिकॉन थापायची गरज नसते. जास्तीचे सिलिकॉन आत दाबले जाते, तुटते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. चौथे, पंपाचे बोल्ट बहुतेक ६ मिलीमीटरचे असतात, त्यांना १० नंबरची गोटी (सॉकेट) लागते आणि ताण ८ ते ११ न्यूटन-मीटरच्या आसपासच द्यायचा असतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातून घ्यावा. मनगटाच्या अंदाजाने आवळणारा माणूस एकतर बोल्टचे आटे काढतो किंवा एक बाजू जास्त दाबून पंप तिरका बसवतो.

बेल्ट चढवण्याआधी क्रँक आणि कॅम दोन्ही पिनांनी लॉक करावेत. पांढऱ्या रंगाच्या खुणा मारून काम करणारे आहेत आणि त्यांचे बहुतेक वेळा जमतेही, पण एक दात चुकला तर काय होते ते वर लिहिलेच आहे. सगळे बसल्यावर पिना काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे आणि पिना पुन्हा सहज शिरतात का ते पाहावे. ही दोन मिनिटे वाचवणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नका.

दख्खनपठार

चांगला धागा. माझ्याकडे जुनी इनोव्हा २.५ डिझेल आहे. तिलाही टायमिंग बेल्ट आहे आणि तो बदलण्याची वेळ जवळ आली आहे. हाच नियम मलाही लागू होतो का? गॅरेजमध्ये विचारले तर पंपासकट सगळेच बदला असे सांगतात, आणि मला ते खरे आहे की बिल वाढवण्यासाठी आहे ते कळत नाही.

गोटीपाना

@दख्खनपठार, नाही, तुम्हाला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तुमच्या इंजिनात टायमिंग बेल्ट वॉटर पंप फिरवत नाही. पंप बाहेरच्या, अल्टरनेटरच्या बाजूच्या पट्ट्यावर चालतो. तो गळत असेल किंवा वाजत असेल तेव्हा स्वतंत्रपणे बदला. जुन्या स्विफ्ट डिझेलचे १.३ इंजिन तर चेनवर चालते आणि तिचा पंपही बाहेरच्या पट्ट्यावर आहे. याउलट फोक्सवॅगन पोलो आणि व्हेंटोचे डिझेल, फोर्ड फिगोचे १.४ आणि इकोस्पोर्टचे १.५ डिझेल यांत टायमिंग बेल्टच पंप फिरवतो, म्हणून त्या गाड्या डस्टरच्या रांगेत येतात. गॅरेजला एकच प्रश्न विचारावा: 'पंप कोणत्या पट्ट्यावर आहे?' उत्तर सरळ मिळाले नाही तर दुसरे गॅरेज पाहावे.

नेकारकाठ

मी काही वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. इथे हीच गाडी डाचिया डस्टर या नावाने विकली जाते आणि तिच्यात हेच के९के डिझेल येत असे. इथल्या सुट्या भागांच्या दुकानात बेल्टचा संच दोन प्रकारांत मिळतो, एक पंपाशिवाय आणि एक पंपासकट. पंपासकटच्या खोक्यात बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप आणि त्याचे गॅस्केट एकत्र असते. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीसाठी आम्ही असाच संच आणला होता. दुकानदाराने पंपाशिवायचा संच दाखवलासुद्धा नाही. त्याच्या लेखी हे एकच काम होते, दोन नव्हेत.

यातून मला जाणवलेली गोष्ट अशी की एकाच निर्मात्याचा पूर्ण संच घेतला तर भाग एकमेकांशी जुळतात आणि पुढे गळती झाली तर 'दोष आमच्या पंपाचा नाही, त्यांच्या बेल्टचा आहे' अशी टोलवाटोलवी होत नाही. भारतातही नामांकित निर्मात्यांचे असे संच मागवता येतात, चौकशी मात्र आधीपासून करावी लागते.

माळरान

वरील सर्वांविषयी आदर राखून वेगळे मत मांडतो. माझ्या गाडीचा बेल्ट ६५,००० किलोमीटरला बदलला, कारण किलोमीटर भरले नव्हते पण वर्षे भरली होती. मूळचा पंप काढून पाहिला तर तो नव्यासारखा फिरत होता. कारखान्यातून आलेला पंप उत्तम दर्जाचा असतो आणि बाजारात त्याच्या नावाने मिळणारे पंप अनेकदा नकली असतात. माझ्या मित्राच्या गाडीत बसवलेला नवा पंप सहा महिन्यांत गळाला. अशा वेळी चांगला मूळ भाग काढून संशयास्पद नवा भाग बसवणे मला पटत नाही. शिवाय चालू वस्तू फेकून देणे हेही मनाला लागते.

सह्यवाट (धागाकर्ता)

@माळरान, तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि नकली भागांविषयी तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. पण त्यातून 'जुना पंप ठेवा' हा निष्कर्ष निघतो असे मला वाटत नाही. 'खात्रीचा पंप मिळेपर्यंत काम हातात घेऊ नका' हा निघतो. बेल्ट बदलणे हे अचानक उद्भवणारे काम नाही, त्याची तारीख आपल्याला महिनोन्‌महिने आधी माहीत असते. तेवढ्या वेळात अधिकृत वितरकाकडून पावतीसह पंप मागवता येतो.

आणि एक. तुमचा ६५,००० चा पंप हातात चांगला फिरला, ते मी मान्य करतो. पण त्याला पुढचा बेल्ट बदलेपर्यंत, म्हणजे एकूण मोजले तर दुप्पट अंतर टिकायचे आहे. प्रश्न आज तो कसा आहे हा नाही, आणखी तितकेच चालणार का हा आहे, आणि मधे तो गेला तर नवा बेल्टही त्याच्याबरोबर जातो. माझा पंपही ७८,००० ला 'चांगला' होता. मी तो स्वतः पाहिला नव्हता, मला तसे सांगितले गेले होते, आणि माझी चूक तिथेच झाली.

खारेपाणी

पंप का जातो, यावर कुणी फारसे लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालतो. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि गाडीचे काम शक्य तितके घरीच करतो.

पंपाच्या दांड्यावर जे सील असते त्यात दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. एक सहसा कार्बनची असते आणि दुसरी सिरॅमिकसारख्या कठीण पदार्थाची. त्यांच्यामध्ये कूलंटचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्यांचे वंगण असतो. म्हणजे कूलंट इंजिन थंड ठेवते तसे पंपालाही जिवंत ठेवते. आपल्याकडे पातळी उतरली की नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतायची सवय आहे. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तापल्यावर पांढऱ्या थराच्या रूपात बसतात. घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो थर चढतो तोच हा. त्याचे कण सीलच्या चकत्यांमध्ये गेले की कागदावर पॉलिश पेपर फिरवावा तसे काम करतात. पंप बदलला आणि पुन्हा बोअरचेच पाणी भरले तर नव्या पंपाचे आयुष्यही आपणच कमी केले असे होईल.

तयार मिसळलेले कूलंट भरावे किंवा सांद्र द्रव घेऊन त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे घेतले तर साध्या दाबाखाली ते मिश्रण साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि झाकणामुळे व्यवस्थेत दाब राहतो म्हणून प्रत्यक्षात ही मर्यादा आणखी वर जाते. नुसते पाणी भरणाऱ्याला वाटते की आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंटची काय गरज. पण उकळण्याची वरची मर्यादा आणि गंजरोधक द्रव्ये यांची गरज विदर्भातल्या मे महिन्यात श्रीनगरच्या जानेवारीपेक्षा कमी नसते. रंगावर मात्र विसंबू नये. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग निर्माता ठरवतो आणि एकाच रंगाची दोन कूलंट रासायनिकदृष्ट्या वेगळी असू शकतात. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला असेल तोच घ्यावा.

प्रत्येक पंपाच्या अंगावर, सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये, एक लहानसे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. सीलमधून पाझरलेला थेंब बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावा यासाठी ते असते. बेल्टचे कव्हर काढल्यावर टॉर्च घेऊन ते छिद्र आवर्जून पाहावे. 'पंप कोरडा आहे' हे विधान कव्हर लावलेल्या गाडीकडे पाहून केलेले असेल तर त्याला अर्थ नाही.

दख्खनपठार

@गोटीपाना, मनापासून आभार. गॅरेजमध्ये तोच प्रश्न विचारला आणि पंप बाहेरच्या पट्ट्यावर असल्याचे त्यांनी मान्य केले. आता फक्त टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर बदलतो आहे. @खारेपाणी, बोअरच्या पाण्याची सवय आमच्या घरातही होती, ती आजपासून बंद.

सह्यवाट (धागाकर्ता)

काल मेहुण्यांच्या टेरानोचे काम पूर्ण झाले, म्हणून शेवटची माहिती देतो. त्यांनी धागा वाचला, गॅरेजवाल्यांनाही वाचायला दिला आणि त्यांनी कोणताही आढेवेढा न घेता पंपासकट काम करायचे ठरवले. पंपासकटचा पूर्ण संच वितरकाकडून पावतीसह आणला. मी सकाळपासून तिथेच होतो.

उजवे चाक आणि आतले प्लास्टिक काढले, इंजिनखाली जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून आधार दिला, वरचे माउंटिंग सोडले आणि मग कव्हर निघाले. बाहेरून सगळे स्वच्छ होते. टॉर्च मारल्यावर छिद्राच्या खालच्या कडेपासून पंपाच्या अंगावरून उतरत गेलेली एक बारीक, वाळलेली, फिकट गुलाबी रेघ दिसली, साधारण करंगळीच्या पेराएवढी. नखाने खरवडली तर भुकटी पडली. ती कव्हर लावलेले असताना कोणालाही दिसली नसती. पंप हातात घेऊन फिरवला तेव्हा आवाज आला नाही, पण दांडा दोन बोटांत धरून वर-खाली हलवला तर अगदी किंचित 'टक' असे जाणवले. तोच प्रयोग नव्या पंपावर केला, तो जराही हलला नाही. गॅरेजवाल्यांनी दोन्ही पंप मेहुण्यांच्या हातात दिले आणि स्वतःच म्हणाले की हा पुढच्या बेल्टपर्यंत गेला नसता.

ब्लॉकची जागा प्लास्टिकच्या पट्टीने आणि कापडाने साफ केली, सिलिकॉन लावले नाही, बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. पिना लावूनच बेल्ट चढवला आणि हाताने दोन फेऱ्या देऊन पिना पुन्हा घालून पाहिल्या. कूलंट भरताना हवा काढायला वेळ लागला. हिटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवले, रेडिएटरचा पंखा दोनदा चालू होऊन बंद झाला आणि हिटरमधून सलग गरम हवा येऊ लागली तेव्हाच आम्ही समाधान मानले. कोल्हापुरात हिटरचे बटण वर्षानुवर्षे कुणी फिरवत नाही, पण आतल्या नळ्यांत हवा अडकून राहिली तर तिथूनच तापण्याची सुरुवात होते, असे गॅरेजवाल्यांनी समजावून सांगितले.

आज सकाळी थंड इंजिनावर बाटली पाहिली. पातळी अर्धा सेंटीमीटर उतरली होती, म्हणजे उरलेली हवा बाहेर पडली असावी. तेवढे कूलंट भरले आणि बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवली आहे. पुढचे आठ दिवस मेहुणे रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ती रेघ पाहणार आहेत, आणि रविवारी आम्ही दोघे आंबा घाटातून जाऊन येणार आहोत.